कॅन्सरच्या पाठोपाठ शुगर

आपल्याकडे कॅन्सर दबक्या आवाजात सांगतात आणि शुगर मोठ्यानं. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कुठल्याही गावात घरातल्या बाईला स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तर पाहुण्यारावळ्यांना ‘गाठ होती, काढली’ एवढंच कळतं. पुष्कळदा तिला स्वतःलाही तेवढंच सांगितलेलं असतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासतात, साखर अडीचशेच्या वर निघते, आणि ही बातमी मात्र त्याच दिवशी अंगणात पोचते. ‘हिच्या चहात साखर टाकू नगा, शुगर निघालीय.’ ज्या आजाराचं खरं भय वाटतं त्याचं नाव घ्यायची सोय नसते. ज्याचं नाव घेता येतं त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं, तर लोक म्हणतात, ‘एवढं काय त्यात, शुगर तर घरोघर आहे.’

घरोघर आहे हे खरंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. पण कॅन्सरचे उपचार चालू असताना शुगर निघाली की माणूस ज्या गोष्टींनी खचतो, त्या नुसत्या शुगरवाल्याच्या वाट्याला येत नाहीत आणि नुसत्या कॅन्सरवाल्याच्याही येत नाहीत. कॅन्सरचं संकट मोठं, म्हणून शुगरचं दुःख किरकोळ, असा हिशेब आपण नकळत मांडतो. तो चुकतो. या दुसऱ्या दुःखाकडे दुसरं म्हणूनच बघावं लागतं, कारण त्याचा भार जिथे पडतो ती जागा वेगळी आहे.

याच पट्ट्यातल्या काटेवाडीचं घ्या. गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर. पुढे काही किलोमीटरवर भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना, तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर. उसाची लागण, तोडणी, बिलाचा हप्ता यांच्याभोवती इथलं वर्ष फिरतं. साखर कारखान्याची सभासद-साखर घरात पोत्यानं येते आणि आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय कुणी उठू देत नाही. अशा गावात ‘आजपासून गोड बंद’ हे तीन शब्द कानावर पडले की माणसाला एकदम आपण पंगतीतून उठवले गेल्यासारखं वाटतं. शहरातल्या आहारतज्ज्ञाच्या कागदावर ही अडचण कधी उमटत नाही.

आधी ही शुगर येते कुठून ते पाहू, कारण मनाचा निम्मा त्रास ‘मी असं काय खाल्लं’ या प्रश्नाचा असतो.

केमोथेरपीच्या आधी आणि नंतर उलट्या होऊ नयेत, अॅलर्जी येऊ नये म्हणून डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये नेहमी वापरलं जाणारं औषध देण्यापूर्वी तर ते हमखास असतं. लिम्फोमासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये स्टेरॉइड हाच उपचाराचा एक भाग असतो. स्टेरॉइडमुळे यकृत रक्तात जास्त साखर सोडू लागतं आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. ज्यांची साखर आधीच काठावर होती त्यांची ती काठ ओलांडते. ज्यांची आधीपासून होती पण कधी तपासलीच नव्हती, त्यांची उघडकीला येते. गावाकडे हा दुसरा प्रकार फार. कॅन्सरच्या निमित्तानं आयुष्यात पहिल्यांदा इतक्या वेळा रक्त तपासलं जातं, तेव्हा पाच-सात वर्षं मुकाट असलेली शुगर सापडते.

याखेरीज स्वादुपिंडाचाच कॅन्सर असेल तर इन्सुलिन तयार करणारा अवयवच आजारी असतो. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये अॅस्पॅरजिनेज नावाचं औषध साखर वाढवू शकतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं बराच काळ चालली की शुगरचा धोका वाढतो. इम्युनोथेरपीत क्वचित असं होतं की शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती इन्सुलिनच्या पेशींवर उलटते आणि मग इन्सुलिन कायमचं लागतं. या सगळ्या यादीत पेढे कुठेही नाहीत.

तरी माणूस स्वतःला दोष देतोच. ‘मी दिवसभर रानात राबते, अंगावर मांस नाही, मला कशी शुगर?’ हा प्रश्न इथल्या बायका विचारतात तेव्हा त्यात चक्रावून जाणं असतं आणि थोडा अपमानही असतो, कारण त्यांच्या मनात शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात शोधलं गेलं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, स्नायू कमी. पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. २००४ साली याज्ञिकांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या आत शुगरची तयारी आईच्या पोटापासून चालू असू शकते. रानात राबणाऱ्या बाईला हे नीट समजावून सांगितल्यावर तिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं मी उतरताना पाहिलं आहे. गोळीनं ते उतरत नाही.

दोषाचा दुसरा हप्ता कॅन्सरचा. आपल्याकडे बायका मिश्री लावतात, पुरुष तंबाखू मळतात, पोरं गुटखा खातात. तोंडाचा कॅन्सर निघाला की ‘सांगत होतो, ऐकलं नाहीस’ हे वाक्य घरातला प्रत्येक जण एकेकदा बोलून घेतो. त्यावर शुगर निघाली की पुन्हा ‘जिभेवर ताबा नाही’. तोंड आधीच शेकानं (रेडिएशननं) सोललेलं, गिळायला होत नाही, आणि त्याच तोंडाबद्दल दोनदा दोषारोप. तंबाखूचा दोष खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण उपचार चालू असताना तो दिवसातून चार वेळा काढल्यानं तंबाखू सुटत नाही. बोलणं मात्र सुटतं.

तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला आणि गाव काटेवाडी असेल, तर ‘साहेबांकडं बघा’ हे वाक्य यायचंच. शरद पवार यांचं घराणं इथलं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्यांना तोंडाचा कॅन्सर झाल्याचं निष्पन्न झालं. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते केंद्रात कृषिमंत्री झाले. दिवसातला पहिला वेळ मंत्रालयात आणि नंतर दवाखान्यात, असा तेव्हाचा दिनक्रम त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितला आहे. एका डॉक्टरनं सहाच महिने आहेत, कामं उरकून घ्या, असं सांगितल्याचंही त्यांनी सांगितलं आहे. दात काढावे लागले, तोंड पुरतं उघडेना, गिळताना आणि बोलताना त्रास, हेही त्यांनी लपवलं नाही. तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दलचा पश्चात्ताप भर सभेत बोलून दाखवला.

या उदाहरणातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. मला त्यातली हिंमत मोठी वाटतेच, पण त्याहून जास्त दोन गोष्टी उपयोगाच्या वाटतात. एक, दिवसाला आकार ठेवणं: सकाळी ठरलेलं काम, ठरलेल्या वेळी उपचार. दोन, आजाराचं नाव उघड घेणं. पण हेच उदाहरण आजाऱ्याला टोचायला वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. तिसऱ्या केमोनंतर उशीवरून डोकं उचलत नाही, साखर तीनशे, तहानेनं जीव कासावीस, आणि शेजारी बसलेला माणूस म्हणतो, ‘हिंमत धरा, साहेबांनी बघा कशी मात केली.’ ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपण हिंमतीत कमी पडतोय. तासगावच्या आर. आर. (आबा) पाटलांचं तोंडाच्या कॅन्सरनंच १६ फेब्रुवारी २०१५ रोजी निधन झालं. आबा हिंमतीत कमी होते असं या महाराष्ट्रात कोण म्हणेल? कॅन्सर कुठल्या टप्प्यावर सापडला, कुठल्या जातीचा आहे, औषधाला किती दाद देतो, यावर बरंच ठरतं. खचलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याची आशा काढून घेणं नव्हे. त्याच्यावरचा एक खोटा आरोप काढून टाकणं आहे.

आता ताटाकडे येऊ. दोन आजारांची खरी ओढाताण तिथेच होते.

कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, वजन उतरू देऊ नका, जे जाईल ते खा, अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे, जे गिळता येईल ते. शुगर निघाल्यावर घरातले म्हणतात, भात बंद, दूध बंद, केळं बंद, चिकू बंद. बाईच्या तोंडाला चव नाही. सकाळपासून पेजेशिवाय काही गेलेलं नाही. आणि पेजेत तांदूळ आहे म्हणून तीही काढून घेतली जाते. मग ती जेवणच टाळते. दोन्ही बाजूंनी बोलणी खाण्यापेक्षा ‘भूक नाही’ म्हणणं सोपं. हा उपास मनाचा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वजनकाट्यावर तो कॅन्सरच्या नावावर मांडला जातो.

उपचारांच्या काळात बहुतेक रुग्णांसाठी क्रम असा असतो: आधी पोटात अन्न जाऊ द्यायचं, मग त्या अन्नाला पुरेल एवढं औषध द्यायचं. साखरेचं पाणी, सरबतं, पेढे-जिलेबी बाजूला ठेवावी लागते. पण भाकरी, भात, दूध, फळ हे वाटून, थोडं थोडं, डाळ-अंड्याबरोबर खाता येतं. साखरेचं लक्ष्यही एवढ्या काळापुरतं सैल ठेवतात. दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णाची साखर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. एरवी निरोगी शुगरवाल्याला सांगतात ते कडक आकडे इथे लागू नाहीत. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना एक प्रश्न तोंडानं विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावं: ‘माझ्यासाठी किती चालेल?’ आपला आकडा कळला की रोजच्या रोज नापास झाल्याची भावना बरीच कमी होते.

‘साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो’ हे वाक्यही ताटावर येऊन बसतं. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवली, आणि पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण साखर तोडली म्हणून गाठ उपाशी राहत नाही. यकृत प्रथिनांपासूनही साखर बनवतं आणि रक्तातली साखर कधी शून्य होत नाही. उपाशी राहतो तो माणूस. हे माहीत नसल्यानं केळ्याचा एक तुकडा खाल्ला तरी आपण आपलाच कॅन्सर वाढवला, असं मनात घेऊन रात्र रात्र जागणारी माणसं आहेत. आजाऱ्याच्या मनाची इतकी नासाडी दुसऱ्या कुठल्या एका समजुतीनं होत नसेल.

भेटायला येणारे शहाळं, मोसंबी, केळी आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे घेऊन येतात. प्रेमानं आणतात. शुगर निघाल्यावर तेच लोक अवघडतात, पिशवी मागच्या खोलीत नेऊन ठेवतात आणि ती बाई दारातून बघत असते. पुढच्या वेळी हात हलवत काय जायचं म्हणून काही जण येतच नाहीत. इथे घरातल्या एखाद्यानं पुढाकार घेऊन सांगून टाकावं की भाजलेले शेंगदाणे आणा, गावरान अंडी आणा, पेरू आणा, नाहीतर तासभर येऊन बसा म्हणजे सुनेला अंग टेकता येईल. माणसांना काय आणावं हे कळलं की ती येतात.

सणावारालाही तेच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे सणसरच्या मुक्कामाला जाताना काटेवाडीत थांबते. परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या धुरळा उडवत रथाला वळसा घालतात आणि सगळं गाव रस्त्यावर असतं. त्या दिवशी घरोघर वारकऱ्यांसाठी चूल पेटलेली असते. अशा दिवशी आजारी बाईला ‘तू आत पड, तुला यातलं काही चालत नाही’ म्हणणं म्हणजे आजारापेक्षा मोठी शिक्षा. प्रसादाचा एक कण जिभेवर ठेवल्यानं साखरेला काही होत नाही. गर्दीत जंतुसंसर्गाची भीती असेल, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील, तर ओट्यावर खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून रिंगण बघता येतं. काय चालत नाही याची यादी सगळ्यांना पाठ असते. काय चालतं ते शोधायला घरातलं एक माणूस लागतं.

इन्सुलिनबद्दल. ‘सुई लागली म्हणजे संपलं’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, कारण पूर्वी गोळ्या थकल्यावर, पाय काळा पडल्यावर इन्सुलिन सुरू व्हायचं आणि मग माणूस गेलेलाच लोकांनी पाहिलेला असायचा. केमोच्या काळात इन्सुलिन देतात ते वेगळ्या कारणानं: त्याची मात्रा दिवसागणिक कमी-जास्त करता येते, उलट्या होत असताना गोळ्यांपेक्षा ते हाताळायला सोपं पडतं, आणि स्टेरॉइड थांबल्यावर ते बंदही करता येतं. स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर बहुतेकांची स्टेरॉइड थांबल्यावर काही दिवसांत उतरू लागते, काहींची राहते. सुई सुरू करताना डॉक्टरांनी किंवा सिस्टरनं एवढी दोन वाक्यं सांगितली, तरी त्या घरातली रात्र वेगळी जाईल.

समजा, वस्तीवरच्या एका घरात सकाळी सून सासूची साखर बघतेय. सुईचा पेन बोटाच्या गादीवर न टेकवता कडेला टेकवायचा. तिथे कमी दुखतं. आधी हात साध्या पाण्यानं धुऊन कोरडे करायचे. हे बारीकसारीक वाटेल, पण गुऱ्हाळाच्या दिवसांत गुळाचा हात लागलेला असला किंवा फळ सोललेलं असलं, की यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं आणि सगळं घर हादरतं. पट्टीवर थेंब घेतला, पाच सेकंदांत आकडा आला: २३४. इथे सून काय बोलते यावर दिवस ठरतो. ‘आत्या, काल काय खाल्लं?’ असं विचारलं तर तो गुन्ह्याचा तपास होतो. ‘आत्या, काल स्टेरॉइडची गोळी होती ना, लिहून ठेवते’ असं म्हटलं तर तो आकडा औषधाच्या नावावर जमा होतो, आणि आत्याही दुसऱ्या दिवशी बोट पुढे करतात. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडचा जोर दुपारनंतर दिसतो, म्हणून उपाशीपोटीचा आकडा चांगला आणि संध्याकाळचा वाईट असं होऊ शकतं. कधी तपासायचं तेही विचारून घ्यावं.

उन्हाळ्यात वीज जाते, फ्रीज बंद पडतो, आणि इन्सुलिन नासलं तर काय ही धाकधूक राहते. वापरात असलेली कुपी फार उष्ण नसलेल्या जागी साधारण चार आठवडे चालते. फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या भांड्याचा गारवा कामी येतो: कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून, पाणी न शिरेल अशी, माठात किंवा ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. अशी साधी सोय झाली की एक काळजी मिटते, आणि काळजी मिटणं हाही मनाचा उपचार आहे.

शरीर आणि मन एकमेकांचा वेष कसा घेतात हे माहीत असणं तर फारच गरजेचं. छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, जीव घाबरा होणं: ही भीतीची लक्षणं आहेत आणि साखर उतरल्याचीही. केमोनंतर जेवण गेलेलं नाही, पण इन्सुलिन किंवा गोळी घेतली आहे, अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून पाठीवरून हात फिरवण्याआधी बोट टोचून बघावं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. उलट्यांच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही, हेही आधीच विचारून लिहून ठेवलेलं बरं.

उलट बाजूनं, चढलेली साखर माणसाला थकवून टाकते, चिडचिडं करते. केमोचा थकवा वेगळा आणि नैराश्याचा वेगळा. तिन्ही एकत्र आले की झोप, भूक, ताकद यांवरून काही ठरवता येत नाही, कारण ती तिन्हींत बिघडतात. म्हणून जाणते मानसोपचारतज्ज्ञ वेगळं विचारतात: नातवंड आलं की बरं वाटतं का? उद्याचं काही मनात येतं का? सगळ्यांना आपला भार झालाय, आपण नसतो तर बरं, असं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर थांबू नये. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; मनाच्या आजारासाठी पुण्याला जायलाच हवं असं आता राहिलेलं नाही.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयात जिमी हॉलंड या डॉक्टरबाईंनी कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा उभी केली. त्यांच्या प्रयत्नांतून आलेलं एक साधन अगदी साधं आहे: शून्य ते दहा आकड्यांची उभी पट्टी, आणि प्रश्न असा की गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला? चार किंवा त्याहून जास्त आलं तर पुढची चौकशी करायची. शुगरच्या बाजूला १९९५ साली विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची यादी केली, तीत पथ्याचा कंटाळा, आकड्यांची भीती, घरच्यांची टोकणी हे सगळं आहे. नैराश्य नसतानाही माणूस शुगरनं पिचून जातो हे त्यातून मान्य झालं. आपल्याकडच्या दवाखान्यांतल्या गर्दीत वीस प्रश्न कुणी विचारणार नाही. पण घरात कुणीतरी आठवड्यातून एकदा ‘दहापैकी किती जड गेला आठवडा? आणि कशानं?’ एवढं विचारू शकतं. ‘कशानं’ याचं उत्तर पुष्कळदा कॅन्सर नसतं. साखर तपासायच्या पट्ट्या महाग आहेत हे असतं. पुण्याच्या एसटीत लघवीला जावं लागतं म्हणून पाणीच पीत नाही, हे असतं.

पट्ट्यांचा खर्च खरोखर मनाला खातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. रोजच्या पट्ट्या आणि सुया मात्र घरातून जातात. शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात, तिथून घ्याव्यात, आणि दिवसात किती वेळा तपासणं खरंच लागतं ते विचारून तेवढंच करावं. कित्येक जण घाबरून दहा वेळा टोचतात.

आणखी एक धक्का असतो, तो तारखेचा. पुण्याला पहाटे निघून पेट स्कॅनला पोचलं, आणि साखर दोनशेच्या वर म्हणून परत पाठवलं. किंवा ऑपरेशन पुढे ढकललं. परळला टाटा रुग्णालयात जाणारे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नाना पालकर स्मृती समितीत उतरलेले लोक अशा एका तारखेसाठी आठ-आठ दिवस थांबलेले असतात. तारीख हुकली की बाईला वाटतं, शुगरनं माझा कॅन्सरचा उपचारही घालवला. त्या वेळी सोबतच्या माणसानं एवढं समजून घ्यावं की साखर चढलेली असताना स्कॅनचं चित्र धूसर येतं, आणि ऑपरेशनची जखम भरत नाही; पुढे ढकलणं हा उपचाराचाच भाग आहे. नवी तारीख हातात घेतल्याशिवाय आणि तोवर साखर कशी आणायची हे विचारल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

अमेरिकेत वाइसमन आणि वर्डन यांनी १९७० च्या दशकात कॅन्सर कळल्यानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांचा अभ्यास केला. जगण्यामरण्याचे प्रश्न तेव्हा सगळ्यात तीव्र असतात. शुगर सोबत असेल तर आणखी एक अवघड काळ येतो, आणि तो उपचार संपल्यावर. शेवटचा शेक होतो, घरात नारळ फुटतो, भेटायला येणारे थांबतात, सून पुन्हा रानात जायला लागते. डब्यात शुगरच्या गोळ्या मात्र तशाच असतात. ‘कॅन्सर बरा झाला, आता कशाला रडतेस?’ हे ऐकावं लागतं. खरं तर रडायला आत्ता कुठे सवड मिळालेली असते.

या काळात तीन-चार गोष्टी कुणीतरी सोबत जाऊन करून घ्याव्यात. स्टेरॉइड थांबलं आहे, तर शुगरची औषधं तेवढीच ठेवायची की कमी करायची, हे पंधरा दिवसांच्या आत विचारावं. जुनी मात्रा तशीच चालू राहून साखर उतरण्याचा धोका याच वेळी असतो. तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी तपासणी करताना रक्त कमी होतं का, रक्त चढवलं होतं का, हे डॉक्टरांना सांगावं, नाहीतर तो आकडा फसवतो. आणि तळपाय बघावेत. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी पायाच्या नसा बधिर होतात, शुगरनंही होतात. उसाच्या रानात अनवाणी फिरणाऱ्या बाईला खोडव्याचा खुंट घुसला तरी कळत नाही. तिला बंद चपला घेऊन द्याव्यात, आणि रात्री दिव्याखाली तिचे पाय बघायचं काम घरातल्या एकाच्या नावावर लावून द्यावं.